दह्याचं कपाट

सुनेत्राच्या घरात एक दह्याचं कपाट होतं. पोर्टलीशच्या त्या भाड्याच्या घरात जिना चढून गेलं की डाव्या हाताला एक अरुंद दार लागे. आत पाण्याची तांब्याची टाकी, टाकीच्या वर लाकडी पट्ट्यांच्या दोन फळ्या. बाकी घर कितीही गारठलं तरी हे कपाट बाळंतिणीच्या खोलीसारखं उबदार. पहिल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात दही लागेना. दूध नुसतं आंबूस वास मारत पडून राही. शेवटी एका रात्री सुनेत्रानं विरजणाचं पातेलं उचललं आणि त्या टाकीवरच्या फळीवर नेऊन ठेवलं. सकाळी दही असं लागलं की चमचा उभा राहिला. तेव्हापासून घरात सगळे त्याला दह्याचं कपाटच म्हणत. या देशात त्याला आणखी काही नाव असेल, असं सुनेत्राच्या मनातही आलं नाही. आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

सुनेत्रा नागपूरची, महालातली. तिकडे ती विमा कंपनीत होती. नवरा शैलेंद्र सॉफ्टवेअरमधला. त्याला डब्लिनला नोकरी लागली, आणि डब्लिनची घरभाडी ऐकून ते पोर्टलीशला येऊन राहिले. तो सकाळच्या गाडीनं जाई, अंधार पडल्यावर परते. दहा वर्षांची निहारिका शाळेत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची तर वेगळा परवाना लागे, आणि तो काही मिळत नव्हता. उंच, सडपातळ, बोलण्यात जरा हळू अशी ही बाई दिवसभर घरात एकटी. तिच्या हाताला काम नसलं की तिचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरत राही, अदृश्य सुईला दोरा ओढत असल्यासारखा. ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळावं की ही रफू करणारी आहे.

रफू तिला आईनं शिकवलं होतं. आईचा दंडक असा की रफूचा धागा बाजारातून आणायचा नसतो. ज्या कापडाला भोक पडलं, त्याच कापडाच्या पदरातून, शिवणीतून, दुमडीतून तो काढायचा. "आणि बाई, मालकाले विचारून काढायचा," आई पुढे म्हणे. "न विचारता काढला तर ते रफू नाही, चोरी हाये."

ग्रंथालयात काम करणाऱ्या ब्रीडा फेलननं एकदा सुनेत्राच्या कोटाची बाही बोटांत धरून उलटसुलट पाहिली होती. "इथं फाटलं होतं ना? कुठं?" असं तिनं विचारलं, आणि सुनेत्रालाही चटकन दाखवता आलं नाही. त्या दिवसापासून सुनेत्रा 'मेंड अँड माइंड'ची झाली.

मेंड अँड माइंड म्हणजे गावातल्या दहा-बारा हौशी माणसांची मंडळी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ती टेबलं मांडून बसत. वस्तू टाकू नका, आणा, दुरुस्त करून देऊ, पैसे नकोत. कुणाचा टोस्टर, कुणाची सायकल, कुणाचा आजोबांच्या वेळचा दिवा. माइंड म्हणजे इकडच्या बोलीत सांभाळणं; बाळाला माइंड करतात, म्हाताऱ्यांना करतात, तसं वस्तूंनाही करावं, असं ब्रीडाचं म्हणणं. तिचा नियम एकच होता. वस्तूचा मालक दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसला पाहिजे. वस्तू ठेवून जायची नाही. "आपण दुकान नाही," ती सांगे. "शेजारी बसलं की माणूस शिकतो. आणि काही बिघडलं तर दोघांच्या डोळ्यांदेखत बिघडतं."

हा नियम एकदाच मोडला, आणि तो सुनेत्रासाठी.

२०१७ च्या एप्रिलमधल्या शनिवारी नोरा लॉलर नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक शाल घेऊन आल्या. सगळा गाव त्यांना नोरा म्हणे. सुनेत्राच्या जिभेवर मात्र एवढ्या वयाच्या बाईचं नुसतं नाव येईना. तोंडावर ती त्यांना मिसेस लॉलर म्हणे आणि घरी नोराबाई. शाल साईच्या रंगाची, बारीक लोकरीची, जाळीदार विणलेली. नोराबाईंच्या आईनं ती विणली होती. नोराबाईंचं बारसं त्या शालीत झालं होतं, त्यांच्या मुलाचं झालं, नातीचं झालं. आता नातीला मुलगी झाली होती आणि तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी चर्चमध्ये तिचं बारसं होतं. शालीच्या एका कोपऱ्याला कसर लागून सहा-सात भोकं पडली होती.

"मीच केलं असतं," नोराबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपले हात टेबलावर ठेवले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले. "ही बोटं आता सुई धरत नाहीत. नुसती दुखायला धरतात."

काम तासाभरात होणारं नव्हतंच. ब्रीडानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "घेऊन जा सुनी. तुझं घर आणि हा हॉल एकच."

निघताना नोराबाईंनी दारातून वळून बजावलं. त्यांचं बोलणं जुन्या वळणाचं, अर्धे शब्द ओठांतच राहणारे. "धुतलीस तरी हरकत नाही. पण नो लाइन, माइंड. हॉट प्रेस."

"हॉट? नक्की?" सुनेत्रानं विचारलं.

"हॉट प्रेस. माझी आई दुसरं काही करायचीच नाही."

सुनेत्रानं मान डोलावली. तिला अगदी स्वच्छ समजलं होतं. शालीच्या बरोबर मधोमध घडीची एक पिवळट रेघ उमटली होती. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवल्याची. ती रेघ राहता कामा नये. नो लाइन. त्यासाठी कडक गरम इस्त्री. हॉट प्रेस. कपडे प्रेसला टाकायच्या गावातून आलेल्या माणसाला यात न समजण्यासारखं काय होतं?

कोपऱ्यातली, साध्या विणीतली भोकं तिनं नोराबाईंनी शालीबरोबर दिलेली त्याच लोकरीची उरलेली गुंडी पार संपवून दोन आठवड्यांत अशी बुजवली की तिची तिला ती सापडेनात. बारशाच्या आधीच्या गुरुवारी तिनं शाल कोमट पाण्यात धुतली, टॉवेलात दाबून कोरडी केली आणि दुपारी इस्त्रीचं टेबल मांडलं.

लोकरीला कडक इस्त्री तिच्या मनाला पटत नव्हती. तिनं वर मलमलचं ओलं फडकं पसरलं आणि आधी मंद आचेवर इस्त्री फिरवून पाहिली. रेघ तशीच. आच थोडी वाढवली. रेघ फिकी झाली, गेली नाही. नोराबाईंचा आवाज कानात होता: हॉट. आई दुसरं काही करायचीच नाही. सुनेत्रानं बटण शेवटपर्यंत फिरवलं, इस्त्री रेघेवर टेकवली आणि जरा भार देऊन धरली.

वास आला. केस जळल्यासारखा.

तिनं इस्त्री झटकन उचलली, फडकं ओढून काढलं. शालीच्या ऐन मध्यावर पिंपळाच्या पानाएवढा आणि पानाच्याच आकाराचा चॉकलेटी डाग. तिनं बोट लावलं. पानातला एक धागा बोटाला चिकटून निघून आला, जळक्या शेवयीसारखा.

निहारिका शाळेतून आली तेव्हा आई इस्त्रीच्या टेबलासमोर खुर्चीत बसली होती आणि इस्त्री कधीच गार झाली होती.

"आई, व्हॉट हॅपन्ड?"

"त्यांनीच सांगितलं होतं," सुनेत्रा म्हणाली. तिचा आवाज चढला. "मी दोनदा विचारलं. हॉट प्रेस म्हणाल्या. मी काय माझ्या मनानं केलं? जुन्या लोकरीला कडक इस्त्री कोण सांगतं? आणि आता मला बोल लावतील!"

निहारिकानं पाठीवरचं दप्तरही उतरवलं नव्हतं. ती शालीकडे पाहत राहिली. "आई," ती हळूच म्हणाली, "हॉट प्रेस इज नॉट इस्त्री."

"मग काय आहे?"

"इट्स द... वर. जिथं तू दही ठेवतेस. प्रेस म्हणजे कपाट. माझ्या क्लासमधल्या ईफाकडे तिची मम टॉवेल्स ठेवते त्यात. हॉट प्रेस इज द दही प्रेस, आई."

सुनेत्रानं जिन्याकडे पाहिलं. इतका वेळ तिच्याजवळ निदान राग होता. आता तोही गेला. लाइन म्हणजे रेघ नव्हे, कपडे वाळत घालायची दोरी, हे मग तिचं तिलाच उमगलं. दोरीवर टाकू नकोस, ताणून लांबेल, उबदार कपाटात आडवी ठेव. एवढंच त्या म्हाताऱ्या बाईनं सांगितलं होतं. आणि ते कपाट तिच्या घरात, डोक्यावर, तीन वर्षं होतं.

शैलेंद्र घरी आला आणि सगळं ऐकून घेऊन समजूत घालायला लागला. "अगं, मुद्दाम केलंस का? नवी देऊ आपण. अशा शाली ऑनलाइन मिळतात, हाताच्या विणलेल्या. उद्याच्या उद्या मागवतो."

"आणि त्यांची आई? ती मिळते ऑनलाइन?"

शैलेंद्रनं वरणभात वाढून तिच्यापुढे ठेवला. तो तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी सुनेत्रानं ग्रंथालय उघडायच्या आधीच ब्रीडाला गाठलं. ब्रीडाच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट तसंच होतं. तिनं अभ्रा उघडला, पान पाहिलं, आणि "ओह, जीझस" म्हणून पायरीवर बसली.

"परवा बारसं आहे," सुनेत्रा म्हणाली.

"ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे." ब्रीडानं गाल फुगवून श्वास सोडला. "चूक माझी. नियम मी मोडला. ऐक सुनी. नोराला फारसं दिसत नाही. शालीला कसर लागली होती, ते तिनंच दाखवलं. मधेही लागली होती म्हण. धुताना धागे सुटले म्हण. तेवढा भाग कापून टाक, कुठलीतरी जुळणारी लोकर लाव. कसरीवर कुणी राग धरत नाही."

"पण कसर नव्हती."

"नव्हती, मला माहीत आहे. पण बघ. या हॉलमध्ये लोक आपल्या आईच्या वस्तू आणून आपल्या हातात देतात. शेजारच्या टेबलावर पॅटनं कुणाचा टोस्टर जाळला तर लोक हसतील. हे वेगळं आहे. आणि तू..." ब्रीडा अडखळली.

"मी काय?"

"तू तीन वर्षांपूर्वी आलीस. इथले लोक चांगले आहेत गं. पण चाळीस वर्षांनीही म्हणतील, ती बघ, नोराची शाल जाळणारी."

ती हे सुनेत्राच्या मायेपोटीच बोलत होती, म्हणून तर ते लागलं. सुनेत्रा घरी आली आणि दुपारपर्यंत तिनं तेच करायचं ठरवून पाहिलं. दुकानातून साईच्या रंगाची लोकर आणली, नवा धागा जुन्या शालीवर ठेवला. रंग जवळपास जुळत होता. दिसलं नसतंच. पण अंगठा तर्जनीवर फिरेना. आईचा आवाज फिरू देईना. न विचारता काढला तर चोरी. मग बाहेरचा आणून गुपचूप घातला तर काय?

आणि खरा धागा हवा तर तो या शालीतूनच काढावा लागणार होता. म्हणजे विचारावं लागणार होतं. विचारायचं म्हणजे सांगावं लागणार होतं. तिसरी वाट नव्हती.

नोराबाईंचं घर माउंटमेलिकच्या रस्त्यावर, गाव संपताना. भुरभुर पावसात शाल कोटाच्या आत धरून सुनेत्रा चालत गेली. वाटेत तिनं इंग्रजीत चार वाक्यं जुळवून घोकली. दार उघडल्यावर त्यांतलं एकही आठवलं नाही.

"झाली का शाल?" नोराबाईंनी विचारलं. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती, किटली चढवलेली. टेबलावर बारशाच्या केकचा रिकामा खोका.

"मिसेस लॉलर, मी ती जाळली."

तिनं शाल टेबलावर पसरली. नोराबाईंनी चष्मा लावला नाही. त्यांची वाकडी बोटं कोपऱ्यापासून निघाली, बुजवलेल्या भोकांवरून न थबकता पुढे गेली, आणि मधोमध येऊन थांबली. पानाच्या कडेवरून एकदा फिरली. आतल्या धाग्यांचा चुरा झाला.

किटली उकळली. कुणी उठलं नाही.

"इस्त्री," नोराबाई म्हणाल्या.

"हो."

"लोकरीवर इस्त्री करायला तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही," सुनेत्रा म्हणाली, आणि घाईनं पुढे म्हणाली, "नाही, तुम्ही नाही. मला तसं ऐकू आलं. आमच्याकडे प्रेस म्हणजे इस्त्री. हॉट प्रेस म्हणजे गरम इस्त्री. आणि लाइन म्हणजे मला वाटलं, ही घडीची रेघ."

नोराबाई टेबलाला धरून उठल्या, बोळात गेल्या आणि एक दार उघडलं. आत तांब्याची टाकी, वर फळ्या, फळ्यांवर टॉवेल आणि चादरी. उबेची झुळूक बोळात आली.

"हे हॉट प्रेस."

"माझ्याकडे आहे," सुनेत्रा म्हणाली. "तीन वर्षं आहे. मी त्यात दही लावते."

"काय करतेस?"

"दूध ठेवते. रात्रभर. आंबायला."

"गॉड हेल्प अस," नोराबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. "दूध कपाटात आणि माझ्या आईच्या शालीला इस्त्री." त्यांनी दार लावून घेतलं.

सुनेत्रानं उरलेला सगळा धीर गोळा केला. "मला दुरुस्त करता येईल. निदान प्रयत्न करता येईल. पण बाहेरची लोकर नको. हीच हवी. कडेच्या एक-दोन ओळी उसवल्या तर पुरेल. तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"म्हणजे आणखी उसवायची."

"हो."

"माझ्या आईनं शेवटी विणलेल्या ओळी."

नोराबाईंनी शालीची घडी घातली. वेगळीच घडी, जुनी रेघ टाळून. ती छातीशी धरली आणि पुढचं दार उघडून धरलं.

"यू आर ग्रँड," त्या म्हणाल्या.

या देशात 'ग्रँड'चे किती अर्थ होतात ते सुनेत्रा तीन वर्षांत शिकली होती. बरं आहे. नको. पुरे. जाऊ दे. मला बोलायला लावू नकोस. यातला कुठला, ते न कळताच ती पावसात उतरली. शाल आत राहिली.

त्या रात्री तिनं नागपूरला फोन लावला. आई नुकतीच उठली होती. "काहून गं, एवढ्या पहाटेचा?" म्हणाली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विचारलं न तू? झालं तर मग. आता त्यांचं कापड, त्यांची मर्जी." सुनेत्राला यातून काही दिलासा मिळाला नाही. बारशाच्या दिवशी चर्चमध्ये बाळ दुकानातल्या चादरीत येईल, आणि सगळे विचारतील, शाल कुठे? नोराबाई खरं तेच सांगतील. न सांगायला त्यांच्याजवळ कारण काय?

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा शैलेंद्रनं तो उचलून तिच्या हातात दिला.

"तुझा तो सुईकामाचा चष्मा घेऊन ये," नोराबाईंचा आवाज आला. "आणि इस्त्री घरी ठेव."

शैलेंद्रनं गाडी काढली. ती उतरताना म्हणाला, "कितीही उशीर होऊ दे. मी येतो न्यायला."

स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी टेबल ओढून ठेवलेलं होतं आणि दोन खुर्च्या जवळजवळ. "तुमच्यात नियम आहे ना, मालकानं शेजारी बसायचं?" नोराबाई म्हणाल्या. "ब्रीडा फेलननं तो मोडला. मी मोडणार नाही."

कड उसवायची तर लोकरीचं शेवटचं टोक सापडायला हवं. विणणारी बाई ते असं लपवते की कुणाला दिसू नये. सुनेत्रा डोळ्यांनी शोधू लागली. नोराबाईंनी शाल आपल्याकडे ओढली, चौथ्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "इथं. ती इथं लपवायची. प्रत्येक वेळी." त्यांनी कात्री मागितली. बोटं कात्रीच्या कड्यांत नीट शिरेनात. सुनेत्रानं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तो धागा मालकानंच कापायचा होता. दोन्ही हातांनी कात्री दाबून नोराबाईंनी तो कापला.

जुनी लोकर सहज निघत नाही. तंतू एकमेकांना बिलगून बसलेले असतात. सुनेत्रा एकेक टाका सुईच्या टोकानं सैल करत, श्वास धरून ओढत होती. एकदा धागा तुटला. शेजारी नोराबाईंचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. पुढे आणखी दोनदा तुटला. मिळाला तो धागा तिनं ओलसर करून सरळ केला, जळका भाग कापून मोकळा केला आणि सभोवतीची उघडी नाकं, म्हणजे विणीचे सुटलेले फास, दोऱ्यावर ओवून घेतली. शालीच्या मधोमध आता खरंच भोक होतं. त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

सुनेत्राला रफू येत होतं, पण ही जाळीची वीण तिला येत नव्हती. वीण नोराबाईंच्या डोक्यात होती. आईच्या गुडघ्याशी बसून पाठ झालेली. त्यांच्या बोटांना ती विणता येत नव्हती. मग एक बोलू लागली आणि दुसरीची सुई चालू लागली.

"दोन एकत्र. एक टाका मोकळा. तीन साधे. दोन एकत्र."

"मोकळा सोडला."

"मग पुढे चल. देवाची वाट बघतेस का?"

जेवणाची वेळ टळून गेली. नोराबाईंनी ब्रेडला लोणी लावून तिच्यापुढे ठेवलं आणि शाल बाजूला सरकवली, लोण्याचा हात लागू नये म्हणून. पान निम्मंअधिक भरलं होतं. नोराबाईंनी बोट फिरवून पाहिलं, आणि बोट थांबलं.

"इथं चुकलंय."

सुनेत्रानं चष्मा पुसून पाहिलं. खाली, पाच ओळी मागे, एक टाका एका घरानं सरकला होता. दिसत नव्हता. बोटाला मात्र लागत होता.

"ठेवायचा का तसाच?" ती म्हणाली. "बाहेर उजेड कमी होतोय. आणि उसवताना धागा तुटला तर आता जास्तीचा नाही."

नोराबाईंनी खिडकीबाहेरचा उजेड पाहिला. "आई ठेवायची नाही," त्या म्हणाल्या.

सुनेत्रानं पाच ओळी उसवल्या. धागा तुटला नाही.

शेवटचं नाकं बंद झालं तेव्हा दिवा लावावा लागला होता. धागा उरला होता तो करंगळीएवढा. सुनेत्रानं त्याचं टोक आत लपवायला सुई वळवली, तर नोराबाईंनी तिचं मनगट धरलं. "कुठं लपवतेस ते मला दाखव. कुणाला तरी ठाऊक हवं." तिनं त्यांचं बोट नेऊन तिथं ठेवलं.

शाल पुन्हा कोमट पाण्यातून काढली, टॉवेलात गुंडाळून दाबली. नोराबाई वर्गात धडा विचारावा तशा समोर उभ्या राहिल्या.

"आता?"

"नो लाइन."

"आणि?"

"हॉट प्रेस."

बोळातलं दार त्यांनी स्वतः उघडलं. सुनेत्रानं शाल वरच्या फळीवर आडवी पसरली.

रविवारी चर्चमध्ये ती अगदी मागच्या बाकावर बसली. शैलेंद्र आणि निहारिका दोन्हीकडे. बाळाला शालीतच आणलं होतं. पाणी शिंपडलं तेव्हा ते मोठ्यानं रडलं आणि सगळे हसले. तेवढ्या लांबून पान कुठं होतं ते सुनेत्रालाही दिसेना. पण अजून जवळून पाहणारे बाकी होते.

नंतर मागच्या हॉलमध्ये चहा होता. जिथं टोस्टर मांडले जात, तिथं आता केक होता. किलकेनीहून आलेली नोराबाईंची भाची कॅरल, नखरेल आणि चौकस, बाळाला खांद्यावर घेऊन हिंडत होती. तिनं शाल उजेडात धरली.

"आंटी नोरा, मधे हे काय झालं? इथली लोकर जरा उजळ आहे."

आजूबाजूची दोन-तीन डोकी वळली. ब्रीडा चहाच्या किटलीपाशी उभी होती. तिचा हात थांबला. सुनेत्रा उठून उभी राहिली. तिचं तोंड उघडलं. "मीच..."

"कसर," नोराबाई म्हणाल्या.

"मधोमध?"

"मधोमध. यंदा कसरीनं नुसता कहर केला. कुणाच्या घरी विचार." त्यांनी भाचीकडून बाळ काढून घेतलं, शाल त्याच्याभोवती नीट केली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. "ही बाई नसती तर मी आज काय केलं असतं कोण जाणे. सुनी, उभी का? बस की."

सुनेत्रा त्यांच्या शेजारी बसली. तिला काही बोलायचं होतं, पण नोराबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या बाळाकडे पाहत होत्या. त्यांचा अंगठा शालीच्या आतल्या बाजूनं फिरत होता आणि बरोबर तिथं येऊन थांबला, जिथं टोक लपवलं होतं.

बऱ्याच वेळानं त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते दूध. सकाळी त्याचं काय होतं?"

"घट्ट होतं. चमचा उभा राहतो."

"आणि मग ते तुम्ही खाता?"

"रोज."

नोराबाईंनी यावर थोडा विचार केला. "मंगळवारी घेऊन ये थोडं," त्या म्हणाल्या. "चाखून तरी बघते."